ज्येष्ठा, कनिष्ठा आणि दोन पिंपं

गौरी घरात आल्या तेव्हा पुष्कर क्लीनरूममध्ये होता. तिथे फोन नेता येत नाही, कारण फोनवर धूळ असते, आणि चिप बनवणाऱ्या यंत्राला धूळ चालत नाही. त्यामुळे डोक्यापासून तळव्यांपर्यंत पांढऱ्या पोशाखात तो दुपारभर एका आरशाचं कंपन मोजत बसला होता, आणि नेदरलँड्सच्या फेल्डहोवन गावातल्या त्याच्या घरी काय उलथापालथ चाललीय याचा त्याला पत्ता नव्हता. बाहेर येऊन लॉकर उघडला, तेव्हा फॅमिली ग्रुपवर आईचा फोटो आला होता. हॉलमध्ये दोन गौरी उभ्या. एकीला हिरवा शालू, दुसरीला जांभळी पैठणी. खाली मजकूर : "माझ्या पुष्करने न सांगता कोठ्या आणून ठेवल्या होत्या. भरलेल्या!!"

पुष्करने फोटो मोठा केला. जांभळ्या पैठणीच्या निऱ्यांखालून स्टीलची एक गोल कड दिसत होती. ती त्याने ओळखली. त्याने घाईघाईने बायकोला, हिमानीला, फोन लावला.

"आईने पिंपांवर गौरी बसवल्यात."

"बघितलं," हिमानी म्हणाली. ती युट्रेख्टहून येणाऱ्या ट्रेनमध्ये होती. "छान दिसतायत."

"हिमानी, त्यात बिअर आहे!"

"एल," हिमानी म्हणाली. "चार वर्षं तूच मला दुरुस्त करतोयस."

घडलं होतं ते असं. कुमुदिनीबाई, म्हणजे पुष्करच्या आई, यंदा पहिल्यांदाच गणपतीत नेदरलँड्सला आल्या होत्या, आणि येताना घरच्या गौरींचे पितळी मुखवटे हातातल्या बॅगेत घेऊन आल्या होत्या. (विमानतळावर स्कॅनरवाल्याने पडद्यावर दोन शांत चेहरे बघितले आणि वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी हात जोडले.) कुमुदिनीबाई मूळच्या अंबाजोगाईच्या. त्यांच्याकडे गौरी उभ्या राहतात त्या कोठ्यांवर. धान्याने भरलेली पत्र्याची कोठी, वर मुखवटा, भोवती साडी. मुखवटे आणता येतात, कोठ्या विमानातून आणता येत नाहीत. शेजारच्या गल्लीतल्या मीनलमावशींनी कचऱ्याचे दोन नवे डबे सुचवून पाहिले, पण कुमुदिनीबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि विषय संपला.

मग मुहूर्ताच्या जरा आधी त्या बटाटे शोधत जिन्याखालच्या कपाटात शिरल्या. आणि तिथे, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली, सारख्या उंचीची, स्टीलची, पोट सुटलेली दोन पिंपं उभी होती. हलवून बघितली तर भरलेली. कुमुदिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या मुलाने आयुष्यात स्वतःचं ताट उचललं नाही, त्याने परदेशात आईसाठी कोठ्या मिळवल्या, भरल्या आणि सरप्राइज म्हणून लपवून ठेवल्या. त्यांनी आणि मीनलमावशींनी दोन्ही पिंपं पायपुसण्यावरून ओढत हॉलमध्ये आणली, स्वच्छ पुसली, टीपॉयवर चढवली, हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि गौरी बसवल्या. मग अंबाजोगाई, पुणे आणि नाशिक इथे फोन केले.

पुष्कर घरी पोचला, तेव्हा नाशिकच्या आत्या व्हिडिओ कॉलवर रडत होत्या.

"सगळ्यांना सांगितलं मी," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तुझे बाबा असते तर..." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. पुष्कर खरं सांगणार होता. वाक्य तयार होतं. पण अशा वेळी तोंडातून जे येतं तेच आलं. तो म्हणाला, "काही नाही गं आई, त्यात काय."

आता ती पिंपं एवढी महत्त्वाची का होती, ते सांगायला हवं.

पुष्कर आठ वर्षांपूर्वी फेल्डहोवनला आला, तेव्हा बिअर म्हणजे थंडगार पिवळं काहीतरी असतं अशी त्याची समजूत होती. मग त्याला कॉलिन भेटला. कॉलिन हा निवृत्त इंग्लिश इंजिनिअर. तीस वर्षं नेदरलँड्समध्ये राहूनही त्याला डच येत नव्हतं, कारण डच लोक त्याला बोलूच देत नसत. त्याने डच 'सुप्रभात'मधलं नुसतं 'खुदे' म्हणेपर्यंत समोरचा इंग्लिश सुरू करायचा. कॉलिनने पुष्करला एक ग्लास दिला. रंग तांब्याच्या जुन्या घंगाळासारखा, फेस नावापुरता, आणि गारठा विहिरीच्या पाण्याइतका.

"हे खराब झालंय का?" पुष्करने विचारलं.

"नाही," कॉलिन म्हणाला. "हे जिवंत आहे."

पुष्कर इंजिनिअर असल्याने त्याला जिवंत म्हणजे नक्की किती, हे जाणून घ्यावंसं वाटलं, आणि तिथेच तो फसला. पारंपरिक इंग्लिश एल पिंपात भरल्यावरही आत आंबत राहते. वरून वायू भरायचा नाही, गाळायची नाही, बर्फात ठेवायची नाही. पिंप घरी आणायचं, गार जागी ठेवायचं आणि गाळ खाली बसेपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही. धक्का लागला की गाळ उठतो आणि पुन्हा पहिल्यापासून वाट बघायची. कंपन नको, उष्णता नको, घाई नको. पुष्करला हे ऑफिससारखंच वाटलं, फक्त शेवटी प्यायला मिळतं.

आणि मग हॉप्स. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, खवल्याखवल्यांची फुलं. एलला कडूपणा आणि वास देतात. इंग्लिश हॉप्समध्ये दोन घराणी थोर : गोल्डिंग आणि फगल. गोल्डिंगला मध आणि संत्र्याच्या सालीचा सुगंध, फगलला जंगलातल्या ओल्या लाकडाचा. निदान कॉलिन असं सांगे. कॉलिनच्या एल-मंडळात वीसेक लोक होते, आणि या दोघांत श्रेष्ठ कोण यावर त्यांचे दोन तट पडले होते. अकरा वर्षं दर महिन्याला हा वाद व्हायचा. शेवटी केंटमधल्या एका छोट्या ब्रुअरीकडून त्यांनी दोन पिंपं खास बनवून घेतली. पाणी तेच, जव तेच, यीस्ट तेच. एकात गोल्डिंग, दुसऱ्यात फगल. शनिवारी संध्याकाळी चव घेऊन कायमचा निकाल.

त्याच संध्याकाळी कॉलिन मंडळाच्या सेलरमास्टरचं पद सोडणार होता. सेलरमास्टर म्हणजे पिंपं सांभाळणारा. या पदासाठी पुष्कर चार वर्षं झुरत होता. कॉलिनने दोन्ही पिंपं परीक्षा म्हणून त्याच्याच घरी उतरवली होती. "ही नीट राहिली," तो म्हणाला होता, "तर बोलू."

आज गुरुवार होता. पिंपं पायपुसण्यावरून ओढली गेली होती, म्हणजे गाळ उठला होता. तो बसायला शनिवार उजाडणार होता. ती आज रात्रीच मंडळाच्या न्यूनेनमधल्या हॉलमध्ये न्यायची होती; शनिवारी नेली तर गाळ पुन्हा उठणार. आणि शनिवारी गौरींचं विसर्जन होईपर्यंत तर त्यांना बोट लावायची सोय नव्हती.

"म्हणजे कसं, देवाने आणि बिअरने एकच नियम काढलाय," हिमानी म्हणाली. "शिवायचं नाही."

"आणि खडूच्या खुणा? एकावर जी होता, एकावर एफ!"

हिमानीने शालूची कड जराशी उचलून बघितली. पिंप आरशासारखं चमकत होतं. त्यावर ओली हळदीकुंकवाची बोटं.

"आईंनी व्हिमने घासलंय," ती म्हणाली.

शुक्रवारी महापूजा. पुष्करने रजा घेतली होती आणि पहाटेपासून हॉलच्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. हॉलमध्ये बारा-तेरा अंश राहणं आवश्यक होतं. भरजरी साड्यांवर पफर जॅकेट घातलेल्या बायका हळदीकुंकवाला येऊन बसल्या. "फुलं टिकतात गार हवेत," पुष्कर प्रत्येकीला सांगत होता. ते खरंही होतं.

दुसरं काम कठीण होतं. आत आंबणं चालू असल्याने वायूचा दाब वाढतो. तो सोडायला पिंपाच्या वरच्या बुचात मऊ लाकडाची एक खुंटी ठोकावी लागते. तिच्यातून वायू हळूहळू झिरपतो. नाही ठोकली तर कधीतरी बूच उडतं. बुचाच्या बरोब्बर वर पितळी मुखवटा होता. बूच उडालं तर पुढे काय होईल, हे पुष्करने एकदा मनात आणलं आणि पुन्हा आणलं नाही. पाहुण्या यायच्या आधी कुमुदिनीबाई आत पुरण वाटत होत्या. हिमानीला दारात उभं करून त्याने दोन्ही मुखवट्यांना नमस्कार केला, "माफ करा" असं मराठीत आणि मग खात्रीसाठी इंग्लिशमध्येही म्हटलं, मानेमागून पदर उचलला आणि रबरी हातोडीने दोन खुंट्या ठोकल्या.

मग आरती झाली. शेवटचा टाळ थांबला. प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले. आणि त्या शांततेत ज्येष्ठा गौरीने एक दीर्घ, संथ श्वास सोडला.

"स्स्स्स्स."

थोड्या वेळाने कनिष्ठेनेही.

मीनलमावशींनी एक डोळा उघडला. "ऐकलंत?"

"पाइपलाइन," पुष्कर म्हणाला. "डच घरं."

"पाइपलाइनला असा संत्र्याचा वास येतो?"

पुष्कर इतका घाबरलेला असतानाही त्याच्या मनात आलं, म्हणजे ज्येष्ठा गोल्डिंग.

मीनलमावशींनी कोणालाही काहीही न सांगण्याचं वचन दिलं, आणि घरी जाताना सायकलवरूनच ते ग्रुपवर टाकलं. दुपारी आइंडहोवनची माणसं आली. चारच्या सुमाराला अ‍ॅमस्टेलव्हीनहून दोन गाड्या आल्या. सायकल लेनमध्ये पार्किंग झालं, म्हणून समोरची डच बाई काय चाललंय ते विचारायला आली आणि साखरफुटाणे घेऊन गेली. हॉलमध्ये इतके लोक झाले की तापमान सतरावर गेलं. पुष्कर हातात थर्मामीटर घेऊन दर्शनाची रांग सांभाळू लागला. "पुढे चला, पुढे चला. तीन-तीन जण. श्वास बेताने घ्या." लोकांना ही कुठलीतरी जुनी प्रथा वाटली. दोघातिघांनी खरंच श्वास रोखून दर्शन घेतलं.

रांगेच्या शेवटी कॉलिन उभा होता. हातात झेंडूचा हार.

"हिमानीने बोलावलं," तो म्हणाला. "पिंपं कुठे आहेत?"

पुष्करने नजर गौरींकडे नेली. कॉलिनने त्या नजरेच्या दिशेने बघितलं. शालू, दागिने, मुखवटा, निऱ्या आणि निऱ्यांखालची स्टीलची कड. तो हळूच गुडघ्यांवर बसला, कान शालूजवळ नेला आणि डोळे मिटले. मागे मीनलमावशी कोणालातरी कुजबुजल्या, "बघा, इंग्लिश माणूस. पण भाव बघा."

"उत्तम चाललंय," कॉलिन उठत म्हणाला. "पण यांना कोणी हात लावत नाही हे तू कसं जमवलंस?"

संध्याकाळी घर रिकामं झालं. पुष्कर खरकटी पानं उचलत होता (हो, उचलत होता), तेवढ्यात आतून हाक आली.

"पुष्कर. इकडे ये. बस."

कुमुदिनीबाई पाटावर बसल्या होत्या. कनिष्ठेच्या पोटाशी त्यांचा कान होता.

"छत्तीस वर्षं गौरी बसवते मी," त्या म्हणाल्या. "सासरी, माहेरी, भाड्याच्या खोलीत. गौरी श्वास घेत नाही. मीनलला काय मानायचं ते मानू दे. कोठीत काय भरलंयस?"

"जव," पुष्कर म्हणाला.

"बरं. जव उत्तम. आणि?"

"पाणी."

"धान्यात पाणी का घालतं कोणी?"

"आणि एका वेलीची फुलं. आणि... ते सगळं आंबलंय."

बाहेरून डच मुलं सायकलच्या घंट्या वाजवत गेली.

"दारू आहे?"

"एल आहे, आई."

"मी विचारलं काय?"

"हो. आहे. पण साडेतीन टक्केच."

त्यांनी वर मुखवट्यांकडे बघितलं. बराच वेळ बघत होत्या. पुष्कर अपराध्यासारखा चवड्यांवर बसून होता. आईने आजच बॅग भरायला घेतली तर तिकिटाचं काय करायचं, इथपर्यंत त्याचा विचार गेला होता. सेलरमास्टरपद वगैरे केव्हाच मागे पडलं होतं.

"आवडलं नसतं तर त्यांनी कळवलं असतं," शेवटी कुमुदिनीबाई म्हणाल्या. "काल आल्यापासून दोघी हसतायत. माझ्या सासरी तांदळाच्या कोठीवर बसवल्या, तर एवढ्या नव्हत्या हसल्या." मग जरा थांबून, "आणि जव आंबवला म्हणजे काय, आंबीलच की. आपण ज्वारीची करतो, नैवेद्याला लागतेच. हे लोक जवाची करत असतील. फुलं कसली म्हणालास?"

पुष्करने फ्रीझरमधून हॉप्सची पाकिटं आणली. कुमुदिनीबाईंनी एक फूल तळव्यावर चोळलं, नाकाशी नेलं, जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. "कडूजहर. म्हणजे पोटाला चांगलं असणार." दुसऱ्या पाकिटातलं चोळलं. "ही वेगळी. ही शेणाने सारवलेल्या ओसरीसारखी. बहिणी आहेत का?"

"तसंच काहीसं. पहिली जुनी, ही नंतरची."

"वेल चढते कशी?"

"दोरीवर. नेहमी एकाच दिशेने. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे."

"म्हणजे प्रदक्षिणा घालत."

पुष्करने आठ वर्षांत हे असं बघितलं नव्हतं. "हो," तो म्हणाला. "प्रदक्षिणा घालत."

कुमुदिनीबाईंनी मान डोलावली, आणि निकाल दिला. कोठी उद्या विसर्जनानंतर उघडायची. त्यातलं आता गौरींचं आहे, म्हणजे प्रसाद. प्रसाद घराबाहेर न्यूनेनला वगैरे जाणार नाही. ज्यांना हवाय त्यांनी इथे यावं. उजव्या हाताने घ्यावा. टाकू नये. "आणि प्रसादाला नावं ठेवायची नाहीत," त्या म्हणाल्या. "हे त्यांना आधी सांग."

पुष्करने मंडळाला ईमेल लिहिला. नावं न ठेवता काय करायचं असतं, असं तिघांनी उलट विचारलं.

शनिवारी संध्याकाळी गौरींना दही-पोहे देऊन निरोप झाला, साड्यांच्या घड्या झाल्या, आणि सातच्या आधी मंडळ आलं. वीस माणसं, निम्मी इंग्लिश, निम्मी डच, सगळ्यांच्या सॉक्सना भोकं. बूट बाहेर काढायचे आहेत हे कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या खिशात गुण लिहायचे कागद होते. कुमुदिनीबाईंनी कागद गोळा करून त्यांवर चिवडा वाढला.

मग पुष्करने नळ लावला. एल स्टीलच्या फुलपात्रांत भरली गेली. हे अकल्पित होतं. मंडळातला माणूस एल आधी उजेडाकडे धरून बघतो, ती नितळ आहे का गढूळ यावर पंधरा मिनिटं बोलतो, मग पितो. फुलपात्राच्या आत काहीच दिसत नाही. सगळे ते उजेडाकडे धरून बघत राहिले, आणि मग नाइलाजाने प्यायले.

"यातलं गोल्डिंग कुठलं?" एका डच सदस्याने दबक्या आवाजात विचारलं.

कुमुदिनीबाईंना प्रश्न कळला नव्हता, पण त्याचा सूर कळला.

"नावं ठेवायची नाहीत, असं ठरलंय ना?" त्या म्हणाल्या. पुष्करने भाषांतर केलं. डच सदस्याने क्षमा मागितली.

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. कोणी बोलेना. वाईट बोलायला बंदी, कुठलं कोणतं ते कोणाला माहीत नाही, दिसत काही नाही. उरलं फक्त पिणं. पहिल्या पिंपातली मंद, मधाळ, शेवटी जिभेच्या मागे हळूच कडू होणारी. दुसऱ्यातली खोल, पानाखालच्या मातीसारखी. गोल्डिंगवाल्यांनी दोन्ही प्यायल्या. फगलवाल्यांनी दोन्ही प्यायल्या. मग आपण कोणत्या तटाचे हे विसरून त्यांनी परत दोन्ही मागितल्या. हिमानीने पुरणपोळीचे तुकडे फिरवले. गोड पोळी आणि कडू एल एकत्र खाल्ल्यावर कॉलिन सोफ्यावर बसला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.

शेवटी तो उभा राहिला. पुष्करने शर्ट नीट केला.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा," कॉलिन म्हणाला, "या मंडळात शांतपणे एल प्यायली गेली. गाळ बसलेला होता. दाब अचूक होता. पिंप सांभाळणं म्हणजे काय, मी तुम्हाला नेहमी सांगतो. हात न लावणं. मी पुष्करला विचारतो. गेल्या दोन दिवसांत तू किती वेळा पदर उचलून बघितलंस?"

पुष्कर बोटांवर मोजू लागला.

"मी मोजायचं सोडलं," हिमानी म्हणाली.

"आणि यांनी?" कॉलिनने कुमुदिनीबाईंकडे हात केला. "एकदाही नाही. आत काय आहे हे कळल्यावरही नाही. मंडळाचं सेलरमास्टरपद मी यांना देतो."

टाळ्या झाल्या. भाषांतर करायला पुष्करला थोडा वेळ लागला.

"मी तर घेत नाही," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "म्हणजे पीत नाही. चालतं का?"

"तेच उत्तम," कॉलिन म्हणाला. "पिणाऱ्यांना धीर नसतो."

"आणि महिनाअखेरीला मी पुण्याला चालले."

कॉलिनने यावर विचार केलेला दिसत होता. तो म्हणाला, इंटरनेट आहे.

त्यामुळे हल्ली मंडळाचं नवं पिंप आलं की पुष्कर जिन्याखालच्या कपाटात वाकून बसतो आणि फोन समोर धरतो. पुण्यात कुमुदिनीबाई चष्मा लावतात.

"जरा जवळ ने. वर. आता खाली. हं. पुसलंस का ते?"

"पुसलंय, आई. तयार झालंय, माझ्या मते. उघडू?"

"तुझं मत मी विचारलं नाही. अजून दोन दिवस हात लावू नकोस."

पुष्कर कपाटाचं दार लावतो. त्या दोन दिवसांत एल खरोखरच सुधारते, आणि याचंच त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.